सेबुआनो आणि ओरोमो: मराठी बोलणाऱ्याला कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेबुआनो आणि ओरोमो या दोन्ही भाषा रोमन लिपीत लिहितात, दोन्ही कोट्यवधी लोक बोलतात आणि दोन्हींना देशात दुसऱ्याच भाषेच्या मागे उभं राहावं लागलं. मग त्यांच्यात साम्य किती, आणि मराठी माणसाला त्यातली कोणती लवकर जमेल?

नात्याचं म्हणाल तर साम्य काहीच नाही. सेबुआनो ही ऑस्ट्रोनेशियन कुळातली बिसाया भाषा. फिलिपिन्समध्ये सेबू आणि बोहोल बेटं, नेग्रोसचा पूर्व भाग, लेयतेचा पश्चिम भाग आणि मिंडानाओचा मोठा पट्टा, म्हणजे दावाओ, कागायान दे ओरो वगैरे, हा तिचा प्रदेश. बोलणारे दोन कोटींच्या वर. तिथले लोक तिला बहुतेक वेळा नुसतं 'बिसाया' म्हणतात. ओरोमो ही आफ्रो-आशियाई कुळातल्या कुशी शाखेची भाषा. सोमाली तिची जवळची, अरबी दूरची नातेवाईक. इथिओपियाचं ओरोमिया राज्य आणि केनियाचा उत्तर भाग मिळून साडेतीन कोटींहून अधिक लोक ती बोलतात, आणि मातृभाषा म्हणून इथिओपियात तिचा पहिला क्रमांक लागतो.

कोणती सोपी, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण दोन्हींची अडचण वेगवेगळ्या जागी आहे. ओरोमोचं वाक्य आपल्याला ओळखीचं वाटतं, पण उच्चार जमत नाहीत. सेबुआनो आठवड्याभरात वाचता येते, पण तिचं क्रियापद वर्षभर दमवतं. म्हणून अभ्यासाचा क्रम दोन्हीकडे उलटा ठेवावा लागतो. हे न कळल्यामुळे ओरोमोत व्याकरण पाठ करत बसलेले आणि सेबुआनोत शब्दांच्या याद्या घोकत बसलेले लोक पुष्कळ दिसतात.

आधी ओरोमो. १९व्या शतकाच्या शेवटी ओनेसिमोस नेसिबने केलेलं बायबलचं भाषांतर (१८९९) इथिओपियाच्या गीझ लिपीत छापलं होतं. त्या लिपीत व्यंजन दुहेरी आहे की एकेरी हे दाखवायची सोय नाही, आणि स्वराची लांबीही नीट दाखवता येत नाही. ओरोमोत तर याच दोन गोष्टींवर अर्थ ठरतो. १९९१मध्ये रोमन लिपी अधिकृतपणे स्वीकारली त्यामागचं एक मोठं कारण हे. या लिपीला 'क़ुबे' म्हणतात.

मराठी वाचकाचा घात नेमका इथे होतो. रोमन अक्षरं पाहिली की आपण ती हिंदी-मराठीच्या सवयीने वाचतो. 'डीएच' दिसलं की ध, 'पीएच' दिसलं की फ. क़ुबेत मात्र 'एक्स', 'क्यू', 'सी' आणि 'पीएच' ही चार चिन्हं घशात अडवून फोडलेल्या त, क, च, प यांची आहेत. खाली ते आवाज नुक्ता देऊन त़, क़, च़, प़ असे लिहितो. 'छोटा' या अर्थाचा 'त़िक़्क़ा' हा शब्द सरावाला उत्तम, कारण त्यात दोन आवाज एकदम येतात. शेवटचा अ ओरोमोत गिळत नाहीत, म्हणून तो उच्चारायचा असेल तिथे ऽ लावतो.

हा आवाज काढायची रीत अशी. श्वास पूर्ण रोखून धरा, जड वस्तू उचलताना घसा आपोआप बंद होतो तसा. मग छातीतून हवा न सोडता नुसत्या जिभेने क म्हणा. बारीक, टणक, टिचकी वाजल्यासारखा आवाज आला की तो क़. नेहमीचा क असा श्वास रोखून म्हणताच येत नाही, त्यामुळे चाचणीही आपोआप होते. मग त्याच रीतीने त आणि च. प़ कमी शब्दांत येतो, तो शेवटी घेतला तरी चालेल. हमखास होणारी चूक म्हणजे जोर आणण्याच्या नादात ख किंवा थ म्हणणं. दुसरी, उर्दू येणाऱ्यांची: ते क़ पडजिभेजवळून काढतात. तोही इथला नव्हे.

'डीएच'चं प्रकरण वेगळं आहे. जीभ ड च्या जागी लावायची आणि आवाज सोडताना कंठ खाली ओढायचा, म्हणजे हवा बाहेर येण्याऐवजी किंचित आत जाते. उल्हासनगरला सिंधी कानावर पडली असेल तर हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. सिंधीत तो आहे. 'पिणे' म्हणजे 'डुगू'. तो 'धुगू' वाचलात तर ओरोमो माणूस समजून घेईल, पण दर वाक्यात त्याला अंदाज बांधावा लागेल.

याहून जास्त वेळ लांबीवर घालवावा. 'हरऽ' म्हणजे तळं, 'हारा' म्हणजे नवा. 'लगऽ' म्हणजे नदी, 'लागा' म्हणजे टाळू. 'बदा' म्हणजे वाईट आणि 'बद्दा' म्हणजे डोंगराळ उंच मुलूख. मराठीत आपण ह्रस्व-दीर्घ शाळेत शिकतो पण बोलताना इ-ई, उ-ऊ यांत फारसा फरक करत नाही, त्यामुळे कान तयार नसतो. पहिले सहा आठवडे रोज पंधरा मिनिटं फक्त अशा जोड्या ऐकून 'लांब की आखूड, एकेरी की दुहेरी' एवढंच ओळखायचं. बोलायची घाई नको. आणखी एक मेख आहे: दोन अक्षरांनी मिळून लिहिलेली व्यंजनं दुहेरी असली तरी लिहिताना दोनदा लिहीत नाहीत, त्यामुळे ती दुहेरी आहेत हे लिखाणावरून कळत नाही. ते ऐकूनच लक्षात ठेवावं लागतं.

हा डोंगर चढला की पुढे वाट सपाट आहे. क्रियापद शेवटी येतं. 'अनि क़ुर्त़ुम्मी नन बितऽ' म्हणजे मी मासा विकत घेतो. शब्दांचा क्रम आपलाच. विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात: 'हर्कऽ' हात, 'हर्कान' हाताने, 'अर्सी' हा प्रदेश, 'अर्सीत्ति' अर्सीत. तृतीयपुरुषी एकवचनात पुल्लिंग-स्त्रीलिंग क्रियापदावर दिसतं. वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसांना अनेकवचनाने बोलायचं, आपल्या 'तुम्ही'सारखं. आभार मानताना बरोबरीच्याला 'गलतोमि', मोठ्याला 'गलतोमा'. शिवाय 'बितू' म्हणजे विकत घेणे आणि 'बितच्चू' म्हणजे स्वतःसाठी विकत घेणे. 'करणे' आणि 'करून घेणे' यांत आपण जो भेद करतो, त्याच्या जवळचा हा भेद आहे. इंग्रजी पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. मराठी माणसाला चार उदाहरणं पुरतात.

तरी तीन ठिकाणी सवय आडवी येते. एक, नाम आधी आणि त्याचं वर्णन मागून. 'मनऽ को' म्हणजे माझं घर, 'मनऽ गुद्दा' म्हणजे मोठं घर. 'काल आलेला माणूस' हेसुद्धा 'माणूस काल आला' अशा क्रमाने येतं: 'नम्नि कलेस्सऽ डुफे'. दोन, प्रत्यय कर्माला नाही, कर्त्याला लागतो. शब्दकोशातलं मूळ रूप हेच कर्माचं रूप. 'नम्नि लेन्च़ऽ अर्गे' म्हणजे माणसाने सिंह पाहिला. 'लेन्च़ि नमऽ अर्गे' म्हणजे सिंहाने माणूस पाहिला. माणूस 'नमऽ' आणि सिंह 'लेन्च़ऽ' असा पाठ केलेला विद्यार्थी कर्तासुद्धा तसाच सोडून देतो आणि वाक्यात दोन कर्मं आणि कर्ता कुणीच नाही अशी अवस्था होते. स्त्रीलिंगी नामांना कर्त्याचा प्रत्यय वेगळा लागतो: जमीन 'लफऽ', कर्ता असताना 'लफ्ति'.

तीन, क्रियापदातले संधी. प्रत्यय सोपे आहेत, पण धातूच्या शेवटच्या व्यंजनाला भिडले की बदलतात. 'माझ्याकडे आहे' हे 'क़बऽ', 'तुझ्याकडे आहे' हे 'क़ब्तऽ' नव्हे तर 'क़ब्दऽ'. 'गलऽ' (मी घरी परततो) याचं 'आम्ही' रूप 'गल्लऽ'. 'डक़ऽ' (मी जातो) याचं 'तू' रूप 'डक़्त़ऽ'. आणि 'बासऽ' (मी बाहेर काढतो) याची रूपं 'बाफ्तऽ', 'बाफ्नऽ'. स चा फ होतो, हे नियम न सांगता कुणाच्या लक्षात येत नाही. संस्कृतातले संधी शाळेत केलेल्यांना यात गंमत वाटते. हे दहा-बारा बदल एका कागदावर लिहून भिंतीवर चिकटवावेत. 'बेक्ते' हे भूतकाळी रूप 'तुला कळलं' आणि 'तिला कळलं' दोन्हींना चालतं, त्यामुळे तिथे सर्वनाम वगळू नये. नकार मात्र स्वस्त: 'हिन' लावायचं. भूतकाळी नकारात तर सगळ्या पुरुषांना एकच रूप, 'हिन बेक्ने'.

आता सेबुआनो. उच्चारांचा हिशोब पटकन संपतो. मूळ स्वर तीनच, आ-इ-उ. ए आणि ओ स्पॅनिश शब्दांबरोबर रुळले, त्यामुळे उ-ओ आणि इ-ए यांची अदलाबदल लिखाणात सर्रास चालते. व्यंजनं सगळी आपल्या आवाक्यातली. ङ शब्दाच्या सुरुवातीलाही येतो, तेवढा सराव करावा. आघाताने अर्थ बदलतो: 'दुओल'मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर जवळ येणे, दुसऱ्यावर दिला तर जवळ. हा आघात लिहून दाखवत नाहीत.

खरा अभ्यास इथून पुढे. नामाच्या आधी एक छोटा शब्द लागतो. 'आङ' म्हणजे ज्याच्याभोवती वाक्य फिरतं तो, माणसाचं नाव असेल तर 'सी'. 'ओग' म्हणजे कोणताही एखादा. 'सा' म्हणजे बाकीची नाती. आणि 'आङ' कुणाला लागेल ते क्रियापदाचा प्रत्यय ठरवतो. 'पालित' म्हणजे विकत घेणे, हाच धातू घेऊन पाहू:

मिपालित को ओग इसदा: मी मासे घेतले (कुठलेतरी).
गिपालित नाको आङ इसदा: तो मासा मी घेतला.
पालितोन नाको आङ इसदा: तो मासा मी घेईन.
गिपालितान नाको सिया ओग सिनिना: मी तिला कपडे घेतले.

पहिल्या वाक्यात 'मी' हा केंद्रस्थानी आहे म्हणून 'को'. दुसऱ्यात मासा केंद्रस्थानी आला, म्हणून 'मी'चं रूप 'नाको' झालं. चौथ्यात जिच्यासाठी घेतलं ती केंद्रस्थानी आली आणि क्रियापदाला 'आन' जोडला गेला. मराठी माणसाला हे समजायला एक आयती शिडी आहे: 'रामाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली'. इथे क्रियापद रामाकडे पाहत नाही, कर्माकडे पाहतं. रामाला 'ने' लागून तो बाजूला होतो. 'गिपालित नाको' साधारण तसंच आहे. पण शिडी इथवरच. आपल्याकडे ही रचना भूतकाळ आला की आपोआप येते. सेबुआनोत काळाशी तिचा संबंध नाही; कोणता मासा हे ठरलेलं आहे का, यावर ती अवलंबून असते. ठरलेला मासा असेल तर 'मि' किंवा त्याचं पुढच्या काळाचं रूप 'मो' लावून वाक्य करू नये. नवशिक्यांची बरीच वाक्यं इथे बिघडतात: त्यांना 'मी' सुरुवातीला हवा असतो, म्हणून ते सगळीकडे 'मो' आणि 'मि' वापरतात. अर्थ पोचतो, पण प्रत्येक वस्तू 'कुठलीतरी' होऊन बसते.

यापुढची अडचण अशी की कर्म केंद्रात आणायला कोणता प्रत्यय लागेल हे धातूवर ठरतं. पालितला 'ओन', म्हणून पालितोन. 'हुगास' म्हणजे धुणे-विसळणे, त्याला 'आन': 'हुगासान आङ प्लातो', ताटली विसळायची. 'लाबाय' म्हणजे फेकणे, त्याला पुढून 'इ': 'इलाबाय'. यामागे थोडं तर्कशास्त्र आहे. जी वस्तू आपल्याकडे येते किंवा बदलते तिला ओन, जिच्या पृष्ठभागावर किंवा दिशेने क्रिया होते तिला आन, जी आपल्यापासून दूर जाते तिला इ. पण अपवाद इतके आहेत की तर्कावर विसंबू नये. वहीत प्रत्येक धातू चार रूपांत लिहावा: मो-रूप, गि-रूप, पुढच्या काळाचं कर्मकेंद्री रूप आणि आज्ञार्थ. पालितचा आज्ञार्थ 'पालिता', हुगासचा 'हुगासि', लाबायचा 'इलाबाय'. असे शंभर धातू तयार झाले की रोजचं बोलणं भागतं. 'गि' हा ओन आणि इ दोन्हींचा भूतकाळ आहे, म्हणून नुसतं गि-रूप पाठ करून पुढचं रूप ओळखता येत नाही. चारही लिहायला सांगतो ते याचसाठी.

प्रत्यय लागताना धातूही आक्रसतो. 'इनोम' (पिणे) अधिक ओन म्हणजे 'इम्नोन', 'सुलोद' (आत जाणे) अधिक आन म्हणजे 'सुद्लान'.

नकार तीन आहेत. 'दिली' पुढच्या काळासाठी आणि 'हे ते नव्हे' यासाठी, 'वाला' झालेल्या गोष्टीसाठी आणि 'नाही आहे' यासाठी, 'आयाव' नको-करू यासाठी. वाला आला की गि जातो आणि ओन-वाल्या धातूच्या शेवटी आ येतो, शिवाय सर्वनाम उडी मारून नकाराच्या मागे बसतं: 'गिपालित नाको' याचा नकार 'वाला नाको पालिता'. 'वाला गिपालित' असं म्हणायचं शिकणाऱ्याने टाळावं.

सर्वनामं आणि छोटे शब्द पहिल्या शब्दाच्या मागे रांग लावतात. 'मोलाकाव ना को' म्हणजे मी आता निघतो. गप्पांच्या मेसेजमध्ये लोक हे 'मुलाकाव नाको' असं जोडून लिहितात, आणि शिकणारा 'नाको'चा अर्थ 'माझ्याकडून' लावून डोकं खाजवत बसतो. क्रियापद मो-चं असेल तर ते 'ना को' तोडून वाचायचं, गि-चं असेल तर 'नाको' एक शब्द.

एका बाबतीत मराठी भाषक इथे इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्याच्या पुढे असतो. 'कीता' म्हणजे आपण, 'कामी' म्हणजे आम्ही. आखूड रूपं 'ता' आणि 'मी'. 'मोकाओन ता' म्हणजे आपण जेवू, 'मोकाओन मी' म्हणजे आम्ही जेवू, तुमचं तुम्ही पाहा. सेबुआनोतला 'मी' हा आपला मी नव्हे, एवढं जपावं. ओरोमोत हा भेद नाही, दोन्हींना 'नुति'. आदराचं अनेकवचन मात्र सेबुआनोत नाही. मनिलाकडच्या टॅगालोग भाषेतलं आदराचं 'पो' इथे लावू नये. मोठ्या पुरुषाला 'नोङ' किंवा बाईला 'नाङ', लहान मुलाला 'दोङ' किंवा मुलीला 'दाय' म्हणून हाक मारली की पुरतं.

दावाओला वैद्यकीय शिक्षणासाठी जाणारी महाराष्ट्रातली मुलं बरीच आहेत. वर्ग इंग्रजीत चालतात, रुग्ण बिसायात बोलतात. त्यांनी शरीराच्या तक्रारींपासून सुरुवात करावी, कारण तिथली रचना नियमित आहे: गि लावायचा आणि माणसाला को (मी), का (तू), सिया (तो-ती). 'गिगुतोम को' मला भूक लागली, 'गिकापोय को' मी थकलो, 'गिसिप-ओन को' मला सर्दी झाली, 'गिहिलान्तान को' मला ताप आला ('हिलानात' म्हणजे ताप, इथेही धातू आक्रसला आहे). भूक 'लागते' आणि ताप 'येतो' असं म्हणणाऱ्या आपल्याला हे सहज पटतं. 'आसा दापित आङ साकित?' म्हणजे कुठे दुखतंय? मिंडानाओत बोलण्यात टॅगालोग आणि इंग्रजी मिसळतं, सेबू शहरात ल गळतो ('वाला'चं 'वा', 'बालाय'चं 'बाय'), बोहोलमध्ये य च्या जागी ज ऐकू येतो. घाबरू नये, व्याकरण तेच आहे.

आकड्यांचं सांगितलंच पाहिजे. सेबुआनोत वस्तू मोजताना 'उसा, दुहा, तुलो', पण वेळ आणि बहुतेकदा पैसे स्पॅनिशमध्ये: आठ वाजले म्हणजे 'आलास ओत्सो'. स्पॅनिशमधून आलेले इतर शब्दही आहेत: कोकणीतला 'सपात' माहीत असलेल्या गोव्याच्या माणसाला 'सापातोस' (बूट) शिकवावा लागत नाही. ओरोमोत आकडे सरळ आहेत, घड्याळ वाकडं. दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणून 'स'आती लमऽ', शब्दशः दोन वाजता, म्हणजे आपले सकाळचे आठ. भेट ठरवताना सहा तासांचा हिशोब करावा आणि कोणत्या घड्याळाने ते विचारून घ्यावं. जिम्मा, अदामा, नेकेमतेच्या विद्यापीठांत शिकवायला जाणाऱ्या भारतीयांसाठी ही पहिल्या दिवसाची गोष्ट आहे.

साधनांबद्दल. गूगल ट्रान्सलेटमध्ये सेबुआनो मे २०१३मध्ये आली, मराठीबरोबर एकाच तुकडीत. ओरोमो मे २०२२मध्ये, कोकणीबरोबर. फरक जाणवतो, पण दोन्हीकडे यंत्रावर वाक्यरचना सोपवू नये. सेबुआनोत ते आङ आणि ओग यांची गफलत करतं. विकिपीडियावर सेबुआनोचे साठ लाखांच्या आसपास लेख दिसतात, इंग्रजीखालोखाल. ते पाहून हुरळून जाऊ नये. बहुतेक लेख एल-एस-जे-बॉट या स्वीडिश माणसाने बनवलेल्या बॉटने लिहिलेले आहेत, प्राणी-वनस्पती आणि गावं-नद्यांबद्दल, ठरलेल्या साच्यात. भाषा शिकायला ते निरुपयोगी आहेत, आणि संगणकासाठी मजकूर गोळा करणाऱ्यांनी तर ते आधी गाळावेत. वाचायला सेबूची स्थानिक भाषेतली दैनिकं आणि १९३०पासून निघणारं 'बिसाया' मासिक घ्यावं. ओरोमोसाठी बीबीसीची ओरोमो सेवा २०१७पासून आहे, तिथली भाषा नीटस असते आणि बातमी आधी माहीत असली की अर्थही लागतो.

शाळेत या भाषा किती आहेत हेही साधनांवर परिणाम करतं. ओरोमियात १९९१नंतर प्राथमिक शिक्षण ओरोमोत सुरू झालं, त्यामुळे पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं उपलब्ध आहेत आणि प्रौढ शिकाऊलाही ती उपयोगी पडतात. फिलिपिन्सने मातृभाषेतून पहिली काही वर्षं शिकवण्याचं धोरण २००९मध्ये आणलं आणि २०२४च्या कायद्याने त्याची सक्ती काढून टाकली, म्हणून त्या मधल्या वर्षांतली सेबुआनो पुस्तकं मिळाली तर ठेवून द्यावीत.

शब्दकोश पाहताना सेबुआनोसाठी जॉन वुल्फ यांचा १९७२चा कोश अजून सर्वांत भरवशाचा आहे, पण त्यात तीनच स्वर वापरले आहेत. 'बाबोय' (डुक्कर) शोधायचा असेल तर 'बाबुय' पाहावा लागतो, आणि प्रत्यय काढून मूळ धातूखाली जावं लागतं. इम्नोन सापडतो तो 'इनुम'मध्ये. ओरोमोत उलट संधी सोडवावा लागतो: 'बाफ्तऽ' दिसलं तर 'बासू' पाहायचं. क़ुबेच्या मुळाक्षरांत सीएच, डीएच, एनवाय, पीएच, एसएच ही जोडअक्षरं शेवटी मोजतात, त्यामुळे 'डुगू' हा शब्द डी च्या पानांत मिळाला नाही तर कोशाच्या शेवटाकडे जाऊन पाहावं.